औषधी वनस्पती : पुस्तकातील, रानातील आणि वाकोल्यातील

(लेखक : एक शिक्षक, बी. ए., बी. एड.)



स्मरणिकेसाठी लेख लिहायचा म्हणजे एखादा मोठा विषय घ्यावा अशी पद्धत आहे. मी मात्र आज आपल्यापुढे झाडपाल्याचा विषय घेऊन आलो आहे. त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो, कारण हा लेख त्या चुकीतूनच जन्माला आला.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. सहावीच्या वर्गात मी 'औषधी वनस्पती' हा पाठ शिकविला. भिंतीवर तक्ता लावला, मुलांकडून पाठ करून घेतले : अडुळसा खोकल्यावर, कोरफड भाजल्यावर, एरंडाचे तेल पोट साफ होण्यासाठी. चाचणीत एका मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मलाही समाधान वाटले. पुढच्याच आठवड्यात हा मुलगा नाल्याच्या कडेला खेळत असताना त्याला कुंपणाच्या झाडाची काळी बी सापडली. लोक त्या झाडाला 'मोगली एरंड' म्हणतात. नावात एरंड आहे, एरंड औषधी आहे आणि सरांनी तसे शिकविलेही आहे. त्याने तीन-चार बिया फोडून खाल्ल्या. चवीला शेंगदाण्यासारख्या लागल्या म्हणे. रात्रभर उलट्या आणि जुलाब झाले. त्याला इस्पितळात ठेवावे लागले. सुदैवाने दोन दिवसांत तो बरा झाला.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याची आई एवढेच म्हणाली, "सर, औषध आहे म्हणून तुम्हीच शिकवलं होतं ना?"

मी काय उत्तर देणार? ते झाड म्हणजे चंद्रज्योत. तिच्या बिया विषारी असतात आणि पावसाळ्यात त्या खाऊन मुले आजारी पडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतच असतात. खऱ्या एरंडाची बीसुद्धा विषारीच असते. तिचे विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहते, म्हणून योग्य रीतीने काढलेले तेल चालते आणि बी चालत नाही. यातले काहीही मी वर्गात सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत चंद्रज्योत आणि एरंड ही दोन झाडे शेजारी ठेवून मीही कधी पाहिली नव्हती. पैकीच्या पैकी गुण मी दिले होते, पण ते ज्ञानाला नव्हते, पाठांतराला होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात राहिला. पूर्वीच्या काळी तक्ते नव्हते, छापील पुस्तके नव्हती. त्या काळचे लोक आपल्या शिष्यांना वनस्पती कशा शिकवीत असतील? त्यासाठी जे वाचले, त्यातील निवडक भाग आपल्यापुढे ठेवतो.

कोऱ्या जागेचा प्रामाणिकपणा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. औषधी द्रव्यांवरील त्याचा ग्रंथ पुढे दीड हजार वर्षे प्रमाण मानला गेला. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान इब्न बासिल याने तो अरबीत आणला आणि हुनैन इब्न इस्हाक या थोर अनुवादकाने तो तपासला. या भाषांतराबद्दल एक फार सुंदर हकीकत नोंदलेली आहे. ज्या वनस्पतींची अरबी नावे इस्तिफानला ठाऊक होती ती त्याने लिहिली. जी ठाऊक नव्हती त्यांच्या जागी अंदाजाने काही लिहिले नाही. तेथे ग्रीक शब्दच तसाच ठेवला, पुढेमागे कोणीतरी जाणकार येईल आणि ते झाड ओळखील या आशेने.

असा जाणकार यायला सुमारे शंभर वर्षे लागली. दहाव्या शतकाच्या मध्यास कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाने स्पेनमधील कॉर्दोबाच्या खलिफाला, तिसऱ्या अब्दुर्रहमानला, याच ग्रंथाची चित्रांसह ग्रीक प्रत भेट दिली. ती वाचणारा माणूस कॉर्दोबात नव्हता. खलिफाच्या विनंतीवरून निकोलस नावाचा ख्रिस्ती साधू 951 साली तेथे पाठविण्यात आला. शहरातील मुसलमान वैद्य, हसदाई इब्न शप्रूत हा ज्यू वैद्य आणि हा ख्रिस्ती साधू असे सर्वजण एकत्र बसले आणि राहिलेल्या नावांपैकी बहुतेक वनस्पती त्यांनी ओळखून काढल्या. तीन धर्मांची माणसे एका रोपट्याभोवती बसून 'हे नक्की काय आहे?' असे एकमेकांना विचारीत आहेत, हे चित्र मला फार मोलाचे वाटते.

आता माझा तक्ता आठवा. त्यात एकही कोरी जागा नव्हती. सर्व काही माहीत असल्याचा आव होता, आणि घात झाला तो त्यामुळेच.

दमास्कसच्या बाहेरचा वर्ग

या परंपरेतील सर्वांत मोठे नाव इब्न अल्-बैतार यांचे. बाराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील मालागा येथे त्यांचा जन्म झाला. सेव्हिलमध्ये अबुल अब्बास अन्-नबाती यांच्याबरोबर रानात हिंडून त्यांनी वनस्पती गोळा केल्या. 'नबाती' म्हणजे वनस्पतींचा जाणकार. गुरूचे नावच त्याच्या कामावरून पडलेले. पुढे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने प्रवास करीत ते पूर्वेकडे आले आणि इजिप्तच्या सुलतानाकडे औषधी वनस्पतींच्या जाणकारांचे प्रमुख झाले. त्यांच्या मुख्य ग्रंथात सुमारे 1,400 औषधी द्रव्यांची माहिती अकारविल्हे दिलेली आहे. 1248 साली दमास्कस येथे त्यांचे निधन झाले.

ते शिकवीत कसे, हे आपल्याला त्यांच्या विद्यार्थ्याकडूनच कळते. इब्न अबी उसैबिआ हा पुढे वैद्यांची चरित्रे लिहून प्रसिद्ध झाला. तरुणपणी तो इब्न अल्-बैतार यांच्याबरोबर दमास्कसच्या बाहेर शिवारात जात असे. गुरुजी रोपटे दाखवीत. डायोस्कोरिडीसने ग्रीकमध्ये त्याचे वर्णन कसे केले आहे ते सांगत. मग गॅलेन काय म्हणतो, नंतरचे लेखक काय म्हणतात आणि कोण कोठे चुकला आहे हेही सांगत. विद्यार्थी घरी जाऊन पुस्तके उघडी आणि पडताळून पाही, तर एकही गोष्ट चुकलेली नसे. रोपटे हातात, पुस्तक मनात आणि घरी गेल्यावर पडताळणी अशी ही रीत होती. बी. एड.च्या अभ्यासक्रमात आम्ही निरीक्षण पद्धतीवर पानेच्या पाने लिहिली. त्या सगळ्याचे सार या एका शिवारफेरीत आहे.

त्याच काळात त्याच मुलखात रशीदुद्दीन अस्-सूरी नावाचे दुसरे वैद्य होते. त्यांचा मृत्यू 1242 सालचा. ते लेबनॉनच्या डोंगरात जाताना आपल्याबरोबर चित्रकार नेत आणि रंगांचे सर्व साहित्यही नेत. एका वनस्पतीचे एक चित्र त्यांना पुरत नसे. प्रथम ती कोवळी असतानाचे चित्र, मग पूर्ण वाढून बियांवर आल्यावरचे आणि शेवटी वाळल्यावरचे. कारण माणसाला झाड कोणत्या अवस्थेत भेटेल याचा नेम नसतो. रानात ते कोवळे दिसेल, तर दुकानात वाळलेले. सूरींचा तो ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण त्यांची युक्ती शिल्लक आहे. ती आपण वाकोल्यातही वापरू शकतो. तिच्याकडे मी शेवटी येणारच आहे.

आपल्या मुंबईचा वैद्य

हे सर्व दूरचे झाले, असे कोणी म्हणेल. तर आता घराजवळ येऊ.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले आणि तेथील दरबारी हकिमांशी त्याच्या पुष्कळ चर्चा झाल्या. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सरकारकडून भाडेपट्ट्याने मिळाले होते. आपले वाकोला त्या बेटात नव्हते. ते खाडीच्या अलीकडे, साष्टी बेटावर होते. पण मुंबईतील आपल्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळे येतात, असे या ओर्ताने लिहून ठेवले आहे.

त्याचे पुस्तक 1563 साली गोव्यात छापले गेले. ते संवादाच्या रूपात आहे. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा पुस्तकी पंडित प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तर देतो. कोरफड, हिंग, कापूर, वेलची, चिंच, धोतरा असे एकेक विषय निघतात. रुआनो जुन्या ग्रंथांचे दाखले देतो, तर ओर्ता आपण स्वतः काय पाहिले ते सांगतो. मध्येच घरातील अंतोनिया नावाच्या दासीला हाक मारली जाते आणि ती पाला किंवा फळ आणून समोर ठेवते. वाचकहो, वाद दोन विद्वानांचा चालतो, परंतु खरे झाड कोणते हे ओळखून आणते ती अंतोनिया. आपल्या घराघरांतही अशा अंतोनिया आहेत. आपण त्यांना दादी, नानी किंवा आजी म्हणतो. त्यांना आपण काही विचारत नाही, एवढाच फरक.

ओर्तानंतर शंभर वर्षांनी केरळात हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 12 खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. ज्ञान मात्र आपल्या लोकांचे होते. इट्टी अच्युतन हे पिढीजात वैद्य आणि त्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य. त्यातील चित्रांवर वनस्पतींची नावे रोमन, मल्याळम, अरबी आणि देवनागरी अशा लिप्यांत दिलेली आहेत. देवनागरी अक्षरे छापील पुस्तकात उमटल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक होय. एकाच झाडाखाली अरबी आणि देवनागरी अक्षरे शेजारी शेजारी! ज्या घरात मुले मराठी शाळेत शिकतात आणि संध्याकाळी अरबी वाचायला बसतात, त्या घराला या चित्राचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

हातांची तालीम

अलीकडच्या काळात शाळेने हा धडा पुन्हा शिकण्याचा प्रयत्न केला आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी वर्धा येथे शिक्षण परिषद भरविली. हाताने काम करता करता शिक्षण, हा त्यांचा विचार. त्याची योजना आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे 1967 साली भारताचे राष्ट्रपती झाले. त्या योजनेला 'नई तालीम' हे नाव रूढ झाले. झाकिरसाहेबांना स्वतःला बागेची, विशेषतः गुलाबांची मोठी आवड होती.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातील बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि 1957 पासून ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील वारली मुले गुरे चारायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा या बाईंनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. पाने, बिया, खडे, शिंपले हेच साहित्य. त्यासाठी पैसे लागत नाहीत, डोळे लागतात.

आणि हे ज्ञान केवळ बालवर्गापुरते आहे, असे समजू नका. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे वैद्य आणि हकीम शतकानुशतके वापरीत आले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी 1931 साली त्या मुळातून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलीन' हे नाव दिले. पुढे 1949 साली आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो हे रुग्णांवरील अनुभवाने दाखवून दिले आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. हकिमाचे मूळ, रसायनशास्त्रज्ञाची नळी आणि डॉक्टरचे परीक्षण अशी ही साखळी आहे. मधली एकही कडी गाळून चालत नाही. म्हणूनच, झाडपाला ओळखा असे सांगणारा मी, आजारपणात डॉक्टरांकडेच जा असेही तितक्याच आग्रहाने सांगतो.

वाकोल्यात काय आहे?

"सर, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या वाकोल्यात इमारती, गॅरेज आणि नाला सोडून आहे काय?" असा प्रश्न मला एका पालकाने विचारला होता. प्रश्न रास्त आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोला नाला आणि मिठी नदी यांनी त्या दिवशी काय केले हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पाण्याला आणि झाडांना आपण जागाच ठेवली नाही, त्याचे ते उत्तर होते.

तरीही पहिल्या पावसानंतर एक फेरी मारून पाहा. नाल्याच्या काठी, कंपाउंडच्या भिंतीशी, कलिन्याच्या विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला टाकळा उगवतो. त्याची भाजी आपल्या कोकणातल्या घरांत होते. आघाडा, एकदांडी, रुई, एरंड, धोतरा हे तर कोणी न लावता येतात. चाळीच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात पानओवा, गवती चहा आणि कोरफड असते. शेजाऱ्यांच्या दारी तुळस असते. आपल्याकडे कबरस्तानात सब्जा लावतात आणि त्याचेच बी रमजानच्या महिन्यात फालुद्यात आणि सरबतात येते. तुळस आणि सब्जा या एकाच कुळातल्या सख्ख्या बहिणी आहेत, हे मी जेव्हा वर्गात दोन्ही पाने चुरगळून मुलांना वास घ्यायला लावून सांगितले, तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती कोणत्याही तक्त्याने कधी पसरली नव्हती.

आणखी एक ठिकाण आहे. आपला वाकोला नाला ज्या मिठी नदीला मिळतो, त्याच नदीच्या काठी धारावीजवळ पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते. 1983 साली थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तेथे झाड लावण्यात आले आणि 1994 साली ते ठिकाण महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून लोकांसाठी खुले झाले. सुमारे 37 एकरांचे ते रान आता शाळेच्या सहलीला जाण्यासारखे झाले आहे. सालिम अलीही लहानपणी आपल्यासारखेच मुंबईतले एक पोरके मुसलमान मूल होते. पिवळ्या गळ्याची चिमणी हातात घेऊन 'ही कोणती?' असे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. 'मला माहीत नाही' असे म्हणण्याची लाज त्यांना वाटली नाही. त्यांचे पुढचे सारे आयुष्य त्या एका प्रश्नातून उभे राहिले.

आता आपण काय करावे?

त्या मुलाच्या आजारपणानंतर मी तक्ता काढून ठेवला आणि वर्गात एक वही सुरू केली. तिचे नियम पुढे देतो. आपण घरीही ती सुरू करू शकता.

पहिला नियम : कोणतेही पान, फळ, बी तोंडात घालायचे नाही. पाहायचे, वास घ्यायचा, चित्र काढायचे. रुईच्या चिकाला आणि धोतऱ्याला हात लावायचा नाही. बाकी पाने हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे.

दुसरा : एका वनस्पतीची तीन चित्रे. जूनमध्ये कोवळी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलाशेंगांवर आलेली आणि हिवाळ्यात वाळलेली. अस्-सूरींची ही युक्ती टाकळ्यावर करून पाहा. टाकळ्याची पाने संध्याकाळनंतर मिटतात, हेही मुलांना स्वतःच शोधू द्या. आधी सांगू नका.

तिसरा : प्रत्येक झाडाचे नाव दोन जाणत्या माणसांना विचारायचे, त्यांत एक घरातील वडीलधारे असावे. दोघांची नावे जुळली नाहीत तर दोन्ही लिहायची आणि पुस्तकात पडताळायचे.

चौथा : नाव कळले नाही तर जागा कोरी ठेवायची. अंदाजाने भरायची नाही.

याखेरीज करून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पानफुटीचे पान ओल्या मातीवर ठेवले की त्याच्या कडेला नवी रोपे फुटतात. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदावर साबणाचे पाणी लावले की तो लाल होतो. रद्दी कागदाच्या घडीत पान ठेवून वर जड पुस्तके ठेवली आणि कागद रोज बदलला, की आठ-दहा दिवसांत ते वहीत चिकटविण्याजोगे होते. यासाठी खर्च शून्य. पालकांनी रविवारचा एक तास दिला म्हणजे झाले.

पहिल्या वर्षी आमच्या वर्गातील वहीत बावीस झाडे जमली आणि सात जागा कोऱ्या राहिल्या. त्यांपैकी एक जागा कोणी भरली ते सांगतो आणि आपली रजा घेतो. तोच मुलगा, ज्याने बिया खाल्ल्या होत्या, एके दिवशी आपल्या दादीचा हात धरून शाळेच्या फाटकाशी आला. दादी गावाहून नुकत्याच आलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. वहीतले एक वाळलेले पान त्यांनी उजेडात धरले, चुरून वास घेतला आणि म्हणाल्या, "हा माका. ओल्या जागेला येतो. आम्ही तेलात घालायचो." मुलाने कोऱ्या जागेत नाव लिहिले आणि खाली लिहिले, 'ओळखणार : माझी दादी'.

त्या ओळीला मी गुण दिले नाहीत. देण्याचा मला अधिकारच नव्हता, कारण तो माका मलाही ओळखता आला नव्हता.

उरलेल्या सहा जागांपैकी काही अजून कोऱ्या आहेत. पालकहो, आपल्या घरातील दादी, नानी, आजोबा आहेत तोवर त्या भरून घ्यायला हव्यात. बगदादच्या इस्तिफानला वाट पाहायला शंभर वर्षे होती. आपल्यापाशी तेवढा वेळ नाही.